सही करण्याआधी

परवाच्या गणपतीत भाची घरी आली होती. पुण्यातल्या एका मुलींच्या महाविद्यालयात ती दुसऱ्या वर्षाला आहे. आरती झाली, मोदकांचे ताट रिकामे झाले आणि तिने सहज विचारले, "मामा, आईनं कधी हक्कसोडपत्र केलंय का रे?" तिच्या वर्गात एका वकीलबाईंनी त्याचा नमुना मुलींकडून वाचून घेतला होता. बहीण आत भांडी आवरत होती. मी विषय बदलला.

उत्तर मला ठाऊक होते. १९९८ साली वडील गेले. राहते घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने त्यात मुलीचा मुलाइतकाच वाटा होता. मी कागद पुढे ठेवला आणि माझ्या पदवीधर बहिणीने तो न वाचता सही केली. "किती समजूतदार, जबाबदार मुलगी!" नातेवाईक म्हणाले. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

'जबाबदार' हा शब्द मुलींच्या बाबतीत आपण सोयीने वापरतो. मुलगा जबाबदार झाला म्हणजे व्यवहार त्याच्या हाती आले. मुलगी जबाबदार झाली म्हणजे तिने ते आनंदाने सोडले. मुलींच्या महाविद्यालयाची परीक्षा घ्यायची तर याच शब्दावर घ्यावी.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्ये तो शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. १९१६ साली पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू झाले. शिक्षण मातृभाषेतून, आणि अभ्यासात गृहव्यवस्था व आरोग्य हे विषय. चांगली गृहिणी आणि माता घडावी हा हेतू त्यामागे होता, हे लपवण्याचे कारण नाही.

पण त्या माळावर जे घडले ते हेतूपेक्षा मोठे होते. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले विधवा होऊन, पदरी मूल घेऊन तिथे आल्या. संस्थेचे काम करता करता वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या. १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकण्यासाठी आणि पोटासाठी परक्या घरांत कामे केली, संस्थेसाठी मदत मिळवली. त्यांना कोणी जबाबदारीवर व्याख्यान दिले नव्हते. काम आणि त्याचा अधिकार दोन्ही दिले होते.

"बाहेरच्या जगात मुलगे असतातच, मग मुलींचे वेगळे महाविद्यालय कशाला?" हा प्रश्न नेहमी येतो. तो रास्त आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ साली मुलींना प्रवेश मिळाला आणि मे २०२५ मध्ये १७ जणींची पहिली तुकडी मुलांबरोबर संचलन करून बाहेर पडली. मग वेगळ्या आवाराचा उपयोग काय? माझ्या मते एकच. तिथे स्नेहसंमेलनाचा मंडप ठरवणारी, मांडववाल्याशी घासाघीस करणारी, दिव्यांची तार जोडणारी आणि शेवटी हिशेब न जुळल्यास जाब देणारी मुलगीच असते. 'तू राहू दे, मी बघतो' म्हणणारा तिथे कोणी नसतो. हे मिळत नसेल, तर त्या फाटकावरच्या 'मुलींचे' या शब्दाला राखणदारापलीकडे अर्थ नाही.

आज मुली शिकत नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत देशातील उच्च शिक्षणात जवळजवळ ४८ टक्के मुली होत्या. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास व दुर्बल घटकांतील कुटुंबांच्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले. पण २०२३-२४ च्या पाहणीनुसार, शहरांतील १५ वर्षांवरील बायकांपैकी कमावणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या केवळ २८ टक्के. २०२४ च्या वेळेच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषाची ८८. महाविद्यालयात शिकलेला हिशेब घरी आल्यावर असा चुकतो. कायदाही तसाच. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला, आणि हक्कसोडपत्रे मात्र आजही होतात. भावाला वाटा देऊ नये असे मी म्हणत नाही. समजून दिलेले दान असते. न वाचता दिलेले दान नव्हे.

तेव्हा दोष महाविद्यालयांच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. ती मुलीला वाचायला शिकवतील. तिच्यापुढे कागद ठेवणारे हात आपले असतात.

गौरी-विसर्जनानंतर मी कपाटातून ते पत्र काढले आणि बहिणीपुढे ठेवले. भाचीने ते मोठ्याने वाचले. सहा मिनिटे लागली. १९९८ मध्ये ती सहा मिनिटे मी माझ्या बहिणीला दिली नव्हती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेव्हा वाचलं असतं तरी मी कदाचित सही केली असती. पण तू विचारायला हवं होतंस."

आता घराचे काय करायचे, ते आम्ही बसून ठरवणार आहोत. या वेळी पहिला शब्द तिचा.