किंमत भागिले फेऱ्या

हल्ली ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुणाला ‘वीकेंडला काय?’ म्हणून विचारा, चारातला एक तरी म्हणतो, ‘कयाक घ्यावी म्हणतोय, घरच्यांसाठी.’ ट्रेक करून गुडघे बोलायला लागलेत, रिसॉर्टनं खिसा रिकामा केलाय, म्हणून आता पाणी! आणि लगेच मोबाइल पुढे येतो, ‘निळी घेऊ की लाल?’

बॉस, रंगाचं शेवटी बघू. आधी सांगा, ती ठेवणार कुठे?

दोघातिघांची कडक प्लॅस्टिकची कयाक बारा फुटांच्या आसपास जाते, वजन तीसेक किलो. ती लिफ्टमध्ये शिरत नाही. पार्किंगमध्ये ठेवली तर सोसायटीची मीटिंग बसते. माझी म्हणूनच गावाला असते, अवसरी खुर्दला, जुन्या घराच्या पडवीत, दोन वाशांवर पालथी. तिथून मंचर, घोडेगाव करत डिंभ्याच्या पाण्यावर तासाभरात पोचतो. आजी तिला ‘टाकी’ म्हणते, आणि आजीचं बरोबर आहे. गच्चीवरची काळी टाकी आणि ही कयाक एकाच कुळातल्या. पॉलिएथिलीनची पूड साच्यात भरतात, भट्टीत साचा फिरवत ठेवतात, आणि सलग, बिनजोडाचा माल बाहेर येतो. दगडावर आपटली तर ओरखडा उठतो, बस्स. तिचे शत्रू दोनच, ऊन आणि फरपट. सावलीत ठेवा, दोघांनी उचलून न्या, वर्षानुवर्षं टिकेल.

गावाला पडवी नसेल, तर हवेची घ्या. घडी करून कपाटावर बसते, डिकीत मावते, आणि कडकपेक्षा बरीच स्वस्त पडते. फक्त पातळ व्हिनाइलच्या पोहण्याच्या खेळण्याला कयाक समजू नका. जाड पीव्हीसी हवं, हवेचे कप्पे निदान तीन वेगवेगळे हवेत, म्हणजे एक बसला तरी बाकीचे तारतात. आपल्याकडे धरणाच्या काठाला बाभळी. तेव्हा पंक्चरचं किट सोबत ठेवा आणि हवा भरायची ती जाड ताडपत्री अंथरून. भर उन्हात काठावर सोडलीत तर आतली हवा फुगते, थोडी कमी करा. घरी आल्यावर पूर्ण वाळवूनच घडी घाला, नाहीतर पुढच्या वेळी बुरशीचा वास.

आता गणित. नवरा ७०, बायको ६०, पोरगं २५, डबा-पाणी-बॅग १०. झाले १६५ किलो. कयाकवर ‘१८० किलो’ छापलंय म्हणून खूश होऊ नका. छापील आकड्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास थांबलेलं बरं, नाहीतर ती पाण्यात बसते आणि जरा हललं की पाणी आत. म्हणजे या कुटुंबाला अडीचशेच्या घरातली लागणार. रुंदी अडीच फुटांच्या वर असू द्या. अरुंद कयाक वेगात जाते, पण आपल्याला कुठे शर्यत मारायचीय? आणि बसायची जागा वर, उघडी असलेली घ्या. उलटली तरी तिच्यात पाणी साठत नाही आणि पोराला पुन्हा वर चढवता येतं.

सेकंडहँडला नाकं मुरडू नका. सीटखालचा तळ आणि पाणी निघायच्या भोकांच्या कडा बोटानं चाचपा. मग बूच काढून आत दोन बादल्या पाणी ओता आणि खाली कुठे ठिबकतंय का बघा. ठिबकलं तर नमस्कार करून निघा. पॉलिएथिलीनला साधा गोंद धरत नाही.

वाचलेले पैसे लाइफ जॅकेटवर घाला. इथे घासाघीस नाही. पोराचं जॅकेट पोराच्या वजनाचंच, पायांमधून पट्टा येणारं. घालून झालं की खांद्याला धरून वर उचला. ते कानापर्यंत सरकलं, तर पाण्यात पोरगं खाली आणि जॅकेट वर.

आणि पाणी कुणाचं, हेही माहीत असू द्या. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. १९३० साली मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. तालुक्याला नाव देणारं जुनं आंबेगाव याच पाण्याखाली गेलंय. विस्थापित आदिवासी आता इथे मासेमारी करतात. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिकही मिळालं. आपली पिकनिक चालते तिथे कुणाच्या तरी रोजीची जाळी असतात. लांबून वळसा घाला. धरण कुठलंही असो, परवानगीचं आधी जलसंपदा खात्याच्या कार्यालयात विचारा. सकाळी उतरा, दुपारी वारा उठायच्या आत काठाला या. पावसाळ्यात कयाक घरीच बरी.

राहिला पैशाचा प्रश्न. माझा हिशेब साधा आहे. किंमत भागिले फेऱ्या. महिन्यातून दोनदा पाण्यात जाणारी महागडी कयाक स्वस्त, आणि माळ्यावर पडलेली स्वस्त कयाक सर्वांत महाग. ज्या कयाकला ठेवायला जागा आहे, उचलायला दोन माणसं आहेत आणि जिच्यात बसायला घरचे घाबरत नाहीत, तीच आपली.

हां, आणि रंग. लाल किंवा पिवळाच घ्या. निळ्या पाण्यावर काठावरून शोधताना तोच दिसतो.