काळे आकाश, पांढरी पाने

कृष्णधवल छायाचित्रणाकडे वळणाऱ्या माणसाच्या हाती बहुधा सर्वप्रथम गडद लाल फिल्टर पडतो, आणि आकाश काळेभोर करून देणारी ती काच हाच या कलेचा परवाना, अशी त्याची समजूत होऊन बसते. ही समजूत दूर होणे अगत्याचे आहे. कारण समोरच्या दृश्यात कोणते रंग आहेत, त्यांपैकी कोणाला उजळावयाचे आणि कोणाला मागे सारावयाचे, याचा निवाडा आधी मनाशी झाल्यावाचून घेतलेली कोणतीही काच, ती कितीही महाग असली तरी, चित्राला उपकारक होत नाही.

काचेचा कायदा साधा आहे. आपल्या वर्णाच्या प्रकाशाला ती मुभा देते आणि विरुद्ध वर्णाला मज्जाव करते. म्हणून लाल काचेतून निळे आकाश काळवंडते आणि तांबडी कौले उजळतात. या मज्जावाची किंमत प्रकाशाच्या रूपाने मोजावी लागते : पिवळ्या काचेला सुमारे एक स्टॉप, नारिंगीला दोन, लालला तीन. परंतु आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर उभे राहून जो लाल फिल्टर लावील, त्याच्या पदरी निराशाच येईल. कारण तेथे अडवावयास निळे आकाशच नसते, राखाडी ढग राखाडीच राहतात, आणि ज्या हिरवाईसाठी माणूस तेथवर गेला ती मात्र काळवंडून कातळात मिसळून जाते. त्या ऋतूत पोपटी किंवा हिरवी काचच उपयोगी, कारण ती भाताची खाचरे आणि गवताचे उतार कड्यांपासून वेगळे काढून दाखविते. लाल काचेचा हंगाम दसऱ्यानंतरचा, आकाश धुऊन निघून त्यात पांढरे ढग तरंगू लागतात तेव्हाचा. माणसांच्या चेहऱ्यावर तर ती जपूनच वापरावी. ओठ फिके पडतात आणि त्वचेचे बारकावे पुसले जातात.

निवाडा आधी आणि काच नंतर, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण अॅन्सेल अॅडम्स यांचे आहे. 10 एप्रिल 1927 रोजी कॅलिफोर्नियातील योसेमिटी येथे हाफ डोमच्या प्रचंड ग्रॅनाइट कड्यासमोर ते उभे होते आणि जवळ मोजक्याच काचपट्ट्या शिल्लक राहिल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळ्या फिल्टरमधून घेतली. पण शिळेचे जे दडपण मनाला जाणवत होते, ते या चित्रात उतरणार नाही, हे त्यांना तेथेच उमगले, आणि दुसरी पट्टी त्यांनी रॅटन क्रमांक 29 या गडद लाल काचेतून पाच सेकंद उघडी ठेवून घेतली. आकाश जवळजवळ काळे झाले आणि कडा पुढे सरकला. गडद लाल काचेचा महिमा सांगणारे याच चित्राचा दाखला देतात. मला मात्र त्यात दोन पट्ट्यांच्या मधल्या काही क्षणांतील विचारच मोलाचा वाटतो.

आजच्या रंगीत डिजिटल कॅमेऱ्यासाठी लाल काच विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या संवेदकावर लाल, हिरव्या व निळ्या सूक्ष्म काचा आधीच बसविलेल्या असतात, त्यांत लाल केवळ एक चतुर्थांश; भिंगावर लाल फिल्टर चढविला की उरलेले तीन चतुर्थांश बिंदू जवळजवळ निकामी होतात. तेच काम मागाहून संगणकावर अधिक नेटके होते. फिल्म वापरणाऱ्याला, किंवा लायकाने 2012 साली काढलेल्या मोनोक्रोमसारख्या निव्वळ कृष्णधवल कॅमेऱ्याच्या धन्याला, खऱ्या काचेवाचून गत्यंतर नाही. त्याने आरंभ पिवळीपासून करावा.

अवरक्ताची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते खरा खर्च करावा तो येथे. विल्यम हर्शेल यांनी 1800 साली शोधलेल्या या अदृश्य किरणांत घेतलेली निसर्गचित्रे अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट वुड यांनी 1910 साली प्रसिद्ध केली आणि झाडांची पाने हिमासारखी पांढरी होऊ शकतात, हे जगाला दिसले. ही उष्णतेची छायाचित्रे, असा गैरसमज आहे. वास्तविक तो सूर्याचाच परावर्तित प्रकाश असतो, आणि पानाच्या अंतर्भागातील पेशींची सच्छिद्र रचना तो मोठ्या प्रमाणात परतवून लावते. हिरव्या तैलरंगाने रंगविलेली खिडकी आणि शेजारचे पिंपळाचे पान डोळ्यांना एकाच रंगाचे दिसले, तरी अवरक्तात ती सारखी उमटतीलच असे नाही. आणि ही तफावत साध्या रंगीत छायाचित्रात नोंदलीच जात नसल्याने संगणकावरील कोणताही ‘अवरक्त परिणाम’ ती मागाहून निर्माण करू शकत नाही.

यासाठी होया आर-72 सारखी, सुमारे 720 नॅनोमीटरपलीकडचाच प्रकाश सोडणारी काच लागते. बहुतेक कॅमेऱ्यांत संवेदकापुढे अवरक्ताला रोखणारा पडदा असतो. म्हणून खरेदीपूर्वी दूरदर्शन संचाचा रिमोट भिंगासमोर धरून त्याचे बटण दाबावे आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याचा दिवा किती उजळ दिसतो, याची खातरजमा करावी. तो फिका दिसला तर भर उन्हातही अनेक सेकंदांचा अवधी लागेल, तिपाई अपरिहार्य होईल आणि वाऱ्याने हलणारी पाने धूसर येतील. दर्पण-कॅमेऱ्यात चित्राची मांडणी व फोकस काच चढविण्यापूर्वीच करावे लागतात, कारण नंतर डोळ्याला काही दिसत नाही. शिवाय अवरक्ताचा फोकस किंचित सरकतो, म्हणून जुन्या भिंगांवर त्याची वेगळी लाल खूण असे. ज्याला याची गोडी लागेल त्याने जुना कॅमेरा आतील पडदा काढवून कायमचा अवरक्तासाठी राखावा, हे उत्तम.

काच घेताना सर्वांत मोठ्या व्यासाच्या भिंगाच्या मापाची एकच घ्यावी आणि लहान भिंगांसाठी जोडकड्या वापराव्यात. मात्र ही काळी काच डोळ्याला लावून सूर्याकडे कधीही पाहू नये : दृश्य प्रकाश अडल्याने बुबुळ विस्फारते, आणि अवरक्त किरण निर्वेधपणे नेत्रपटलावर जाऊन पडतात.