सहलीचा हिशोब

उन्हाळी सुट्टी लागली की भूममधील अनेक घरांत एकच चर्चा रंगते : खोपोलीची इमॅजिका की हैदराबाद? दुकान जेमतेम दोन-तीन दिवस बंद ठेवायचे, आणि गाडीत आजीपासून नातवापर्यंत सारेच. अशा वेळी केवळ पाळण्यांची संख्या पाहून निवड करू नये.

२०१३ साली सुरू झालेली इमॅजिका मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ आहे. तेथे पाळण्यांचे उद्यान व जलउद्यान वेगवेगळे. एका दिवसात दोन्ही नीट पाहून होत नाहीत. हैदराबादच्या वंडरलात २०१६ पासून जमिनीवरचे आणि पाण्यातले खेळ एकाच आवारात आहेत. मोठ्या पाळण्यांना दोन्हीकडे उंचीची अट असते. धाकट्याची उंची घरीच मोजून निघावे. हैदराबादजवळच १९९६ पासूनची रामोजी फिल्म सिटी आहे. तेथे बसमधून फिरवतात, म्हणून गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही सहलीचा आनंद मिळतो. तीन पिढ्या सोबत असतील, तर आमची पसंती तिलाच.

खरा प्रश्न सूर्यास्ताचा. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या आजीला “आजचा दिवस चालवून घ्या” म्हणणे शोभत नाही. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. दशम्या आणि कोरडी चटणी गाडीत ठेवावी, पाच वाजता बाहेर पडावे. मुलांचे शेवटचे दोन पाळणे हुकतील. त्याचे कारण त्यांना निघण्यापूर्वीच सांगावे. आजीसाठी ती आनंदाने बाहेर येतील.