वंशवेलीवरच्या मुली



भारतातून पाहुणे आले की लंडनदर्शन घडवणे आपल्या नशिबी असतेच. यंदा वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत गेलो तेव्हा पाहुण्यांना मुद्दाम सातव्या हेन्रीच्या चॅपेलमध्ये नेले. तिथे दक्षिणेकडच्या बाजूला एका म्हाताऱ्या बाईची आडवी ब्राँझची प्रतिमा आहे. तोरिजानो या इटालियन शिल्पकाराने तिचे सुरकुतलेले हात फार सुंदर घडवलेत. ही मार्गारेट बोफर्ट, राजाची आई. केंब्रिजची क्राइस्ट्स आणि सेंट जॉन्स ही कॉलेजे तिच्याच संपत्तीतून उभी राहिली.

मार्गारेटचा जन्म १४४३चा. पहिला वाढदिवस व्हायच्या आत वडील गेले आणि ती मोठ्या जहागिरीची वारस झाली. अशा अज्ञान वारसाचे पालकत्व राजाकडे जाई, आणि ते त्याला दुसऱ्याला देता किंवा विकता येई. त्यात लग्न ठरवण्याचा हक्कही आला. प्रथम सफोकच्या सरदाराने तिला आपल्या मुलाशी लावून टाकले. ते लग्न १४५३ मध्ये मोडले, आणि राजाने तिला आपल्या सावत्र भावांच्या हवाली केले. त्यांपैकी पंचविशीतल्या एडमंड ट्यूडरने १४५५ मध्ये तिच्याशी स्वतःच लग्न लावले. मुलगी बारा वर्षांची! चर्चच्या कायद्याने मुलीला बारा आणि मुलाला चौदा पुरे होते.

एवढी घाई कशाला? मूल जिवंत जन्मले की बायकोची जमीन नवऱ्याकडे तहहयात राही, हा तिथला कायदा. एडमंड प्लेगने गेला तेव्हा ती गरोदर होती. जानेवारी १४५७ मध्ये पेम्ब्रोकच्या किल्ल्यात, तेराव्या वर्षी, ती बाळंत झाली. पुढे आणखी दोन लग्ने झाली, पण मूल पुन्हा झाले नाही.

'अहो, त्या काळी तसंच असायचं', पाहुणे म्हणाले. हे वाक्य आपण आपल्या पणज्यांबद्दलही ऐकत आलो आहोत. पण त्या काळच्या बाईला काय वाटत होते? १४९८च्या सुमारास मार्गारेटच्या नातीचे लग्न स्कॉटलंडच्या राजाशी ठरत होते, तेव्हा आजीने आणि आईने मिळून विरोध केला. राजा थांबणार नाही, पोरीला इजा करील, ही त्यांची भीती खुद्द हेन्रीनेच स्पेनच्या वकिलाला सांगितली होती. आजी हे स्वानुभवातून बोलत होती.

तिची निदान प्रतिमा तरी आहे. अ‍ॅन मोब्रेला वंशावळीत 'निःसंतान' एवढाच शेरा मिळतो. नॉरफोकच्या ड्यूकची ही एकुलती मुलगी. १४७८ मध्ये पाच वर्षांची असताना तिचे लग्न राजाच्या चार वर्षांच्या धाकट्या मुलाशी झाले आणि १४८१ मध्ये ती वारली. वारसाने जमीन दूरच्या भाऊबंदांकडे जायला हवी होती, पण पार्लमेंटने कायदा करून ती त्या चिमुकल्या विधुराकडेच ठेवली. गंमत अशी की त्या शतकात एका बखरकाराला 'सैतानी' वाटले ते वेगळेच लग्न. नॉरफोकच्याच साठी उलटलेल्या विधवा डचेसने विशीतल्या तरुणाशी १४६५ मध्ये केलेले! बखरकाराने तिचे वयही ऐंशीच्या घरात नेऊन ठेवले.

'तुमच्या संस्कृतीत बालविवाह' असे इथे कोणी म्हणाले की मी एक तारीख सांगतो. इंग्लंडमधली बारा-चौदाची मर्यादा १९२९ पर्यंत टिकली. त्या वर्षी ती सोळा झाली, आणि त्याच वर्षी भारतात सारडा कायदा झाला. 'मदर इंडिया' पुस्तकावरून आपल्याला दोन वर्षे आधीपासून झोडपले जात होते! अठराची मर्यादा तर इंग्लंडात फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. त्यासाठी झगडण्यात आशियाई आणि मध्यपूर्वेतल्या घरांतून आलेल्या बायकांच्या संस्था आघाडीवर होत्या.

आता घरचे. आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. देणगी पाठवताना मी लिहिले की लेकी-सुनांची माहेरची नावे आणि लग्नाच्या वेळची वयेही छापा. काकांचे उत्तर आले, पाने फार वाढतील. किती वाढतील ते कळवा, तेवढ्याचे पैसे वेगळे पाठवतो, असे मी कळवले आहे. अजून आकडा आलेला नाही.