तवंग कोणत्या किनाऱ्याला लागणार, हे महिना ठरवतो

प्रतिनिधी, नवी मुंबई

न्हावा-शेवा बंदरातून निघालेल्या 'एमएससी चित्रा' जहाजाची ७ ऑगस्ट २०१० रोजी 'खलिजिया-३'शी टक्कर झाली आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. काही दिवसांतच त्याचा तवंग उरण, अलिबागच्या किनाऱ्यांवर आणि वाशीच्या खारफुटीत पोहोचला. वाशीपर्यंत तेल आणले ते भरतीने. ठाणे खाडीत तिचेच राज्य चालते. खुल्या समुद्रात मात्र तवंगाची दिशा महिन्यागणिक बदलते.

अटलांटिक व पॅसिफिक महासागर उत्तरेला ध्रुवप्रदेशापर्यंत पसरले आहेत आणि तेथील गल्फ स्ट्रीमसारखे प्रवाह बाराही महिने एकाच दिशेने वाहतात. हिंदी महासागराची वाट आशियाचा भूखंड सुमारे २५ अंश उत्तर अक्षांशाजवळच अडवतो. हा भूखंड उन्हाळ्यात तापतो, हिवाळ्यात निवतो. त्यामुळे वारे उलटतात आणि त्यांच्यासोबत प्रवाहही.

पावसाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे जातो. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडाले, तेव्हा त्यावरील कंटेनर आलप्पुळा, कोल्लम, तिरुवनंतपुरम अशा दक्षिणेकडच्याच किनाऱ्यांना लागले. हिवाळ्यात हाच प्रवाह उत्तरेकडे वळतो. गंमत अशी की, त्या काळात किनाऱ्यावरचा वाराही उत्तरेकडूनच येत असतो! पाणी वाऱ्याविरुद्ध जाते कसे, याचा शोध गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे सतीश शेट्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात घेतला. या कोड्याचा मोठा भाग बंगालच्या उपसागरात दडलेला आहे. तेथे उठणाऱ्या महाकाय, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या लाटा पृथ्वीच्या परिवलनामुळे किनारा उजव्या हाताला ठेवूनच सरकतात. पूर्व किनाऱ्याने खाली, श्रीलंकेला वळसा घालून, पश्चिम किनाऱ्याने वर. म्हणजे कोकणासमोरचे पाणी कुठे जाणार, याचा निर्णय अंशतः देशाच्या दुसऱ्या बाजूला होतो.

तेल पृष्ठभागावर तरंगते, म्हणून त्याला वाराही ओढतो. पावसाळ्यात वारा किनाऱ्याकडे आणि प्रवाह दक्षिणेकडे, त्यामुळे धोका रायगड, रत्नागिरीला अधिक. जानेवारीत दोघांची रस्सीखेच चालते. तेव्हा अंदाज कठीण होतो आणि पालघरलाही निर्धास्त राहता येत नाही. हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था तवंगाच्या वाटचालीचा अंदाज देते. परंतु तेल अडवणारी साधने कोणत्या महिन्यात कोणत्या किनाऱ्यावर सज्ज ठेवायची, हे आधीच ठरलेले असावे लागते. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. ते सुरू झाल्यावर मोठ्या जहाजांची ये-जा त्याच उत्तरेकडच्या पट्ट्यात वाढणार आहे.