टोपणनावांचा जाच

आमच्या वर्गात हजेरीपटावरील नावाने ओळखले जाणारे विद्यार्थी थोडेच. उरलेल्यांपैकी कुणी ‘लंबू’, कुणी ‘भोपळा’, तर कुणी ‘ढापण्या’. (गुरुजनांनाही अशी नावे आहेत, परंतु ती येथे छापण्याचे धाडस आमच्या अंगी नाही!)

टोपणनाव मुळातच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. लोकमान्यांचे नाव केशव; पण घरातले ‘बाळ’ हेच पुढे साऱ्या देशाने उचलले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. वय जेमतेम सोळा-सतरा, म्हणजे आमच्याएवढेच! अंगचा गुण ओळखून वडीलधाऱ्यांनी असे नाव दिले, तर ते पेलण्याची उमेदही त्या नावातूनच मिळत असली पाहिजे.

आम्ही देतो ती नावे मात्र गुणावरून नसतात, वैगुण्यावरून असतात. शिवाय ज्याला दिले त्याला ते नाकारण्याची सोय नसते. तो चिडला तर नाव पक्के होते. हसला तर त्याला ते मान्य आहे, असे आम्ही धरून चालतो. ‘थट्टेत काय एवढे?’ असे विचारणाऱ्यांना आम्ही एकच हकीकत सांगू.

आठवीत एक मुलगा पहिल्या तासाला नेहमी उशिरा येई. आम्ही त्याचे नाव ‘गोगलगाय’ ठेवले. पहाटे घरोघर वर्तमानपत्रे टाकून मग तो शाळेत येतो, हे कळावयास आम्हांला पुरते वर्ष लागले. तोपर्यंत ते नाव खालच्या इयत्तांतील मुलांच्याही तोंडी बसले होते, आणि त्याने स्वतःच ते आपल्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिले होते. रोज सायकल दामटीत गल्लोगल्ली फिरणारा हा मुलगा शर्यतीत मात्र नाव देईना. ‘गोगलगाय कुठे धावते काय?’ असे तो हसत म्हणाला. ते हसणे आम्हांला बोचले. आमचाच विनोद तो आम्हांला परत करीत होता. फरक इतकाच, की त्याचा त्यावर विश्वास बसला होता.

यंदा दहावीत आम्ही काही जणांनी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावयाचे ठरविले. पहिल्या दिवशी मैदानावर तशी हाक मारली, तर त्याने मागे वळून पाहिलेच नाही. दुसऱ्याच कुणाला बोलावीत आहोत, असे त्याला वाटले. आम्ही पुन्हा हाक मारली.