सील गाडीच्या नावाने मागू नका

देवरी, आमगाव, तिरोड्याहून आलेल्या पत्रांत तक्रार एकच आहे. सीएनजी बसवलेल्या जुन्या पेट्रोल गाडीचं हेड उघडलं, गाईड बदलले, सीट कापल्या, नवे व्हॉल्व्ह सील टाकले आणि पहिल्याच उन्हाळ्यात सकाळच्या स्टार्टला पुन्हा निळा धूर. गिऱ्हाईक म्हणतं, रिंग गेल्या. रिंगचा धूर लोडवर, चढावर दिसतो. रात्रभर उभ्या गाडीचा धूर कुठला, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

घोळ सीलच्या पाकिटात आहे. वैधमापनाच्या नियमांमुळे पाकिटावर किंमत, महिना, उत्पादकाचा पत्ता सगळं छापलं जातं. रबर कुठलं, हे छापायची सक्ती नाही. मालकाने परवानगीशिवाय गाडीत बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने दर बदलामागे 5,000 रुपये दंड ठेवला; सील विकणाऱ्याला मात्र एक शब्द छापायला कोणी लावत नाही. पीयूसीवालाही तापलेल्या इंजिनावर सीओ, एचसी मोजतो. पहिल्या मिनिटातला धूर त्याच्या यंत्रापर्यंत पोचतच नाही, गाडी पास!

काउंटरवर विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'हिरवा आहे ना, मग व्हिटॉनच.' रंग कुठल्याही रबरात घालता येतो. साधं नायट्राइल सव्वाशे अंशांच्या आसपास कडक पडू लागतं, पॉलिॲक्रिलेट दीडशेच्या वर तग धरतं, व्हिटॉन दोनशेच्याही वर. शंका आली तर एकाच मापाचे, एकाच घडणीचे दोन सील सोनाराच्या काट्यावर ठेवा. व्हिटॉन जड भरतं. जाळून मात्र पाहू नका, तो धूर विषारी असतो.

पण सगळं खापर दुकानदारावर फोडता येणार नाही. गाईड लेथवर उतरवून घेता, दुहेरी स्प्रिंग घालता, जास्त लिफ्टचा कॅम बसवता आणि फोनवर सील मागता ते गाडीच्या नावाने! हेड आता त्या गाडीचं राहिलंय कुठे? गाईडचा बाहेरचा व्यास बदलला की सील उडतो. आतली स्प्रिंग त्याची कड खरवडते. फुल लिफ्टला रिटेनर आणि सील यांच्यात दीड मिलिमीटर तरी मोकळं हवं, ते किती जण मोजतात? इनटेकचा घट्ट सील एक्झॉस्टला घालणारे तर आहेतच. गाईड कोरडा पडून व्हॉल्व्ह अडकला की गॅसकिटला शिव्या. आणि कॉटरच्या खाचेवर प्लॅस्टिकची टोपी न चढवता सील ढकलला, तर ओठ तिथेच फाटतो, मग व्हिटॉन असो की सोनं.

व्हर्निअर ड्रॉवरमधून बाहेर काढा. ऑर्डर लिहून पाठवा: स्टेमचा व्यास, गाईडचा बाहेरचा व्यास, सीलची उंची, इनटेक की एक्झॉस्ट. रबराचं नाव बिलावर लिहून घ्या, लिहीत नसेल तर माल परत करा. एकट्याने केलं तर नागपूरचा व्यापारी हसेल. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून एकाच महिन्यात पाकिटं परत गेली तर हसणार नाही. धान निघायला लागला की कुठलीच गाडी गॅरेजमध्ये थांबत नाही. हे त्याआधी व्हायला हवं.